चला, पक्षी बघायला... भर समुद्रात!

समुद्रावरचे पक्षी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? एलिफंटाच्या लाँचमागे वेफर्ससाठी कोकलणारे कुरव! कुरवांवर माझा राग नाही, पण ते आपले किनाऱ्याचे रहिवासी. खरे दर्यावर्दी पक्षी वेगळेच. ते जमिनीवर येतात फक्त अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला. वर्षातला उरलेला सगळा काळ पाण्यावर. खाणं, पिणं, झोपणं सगळं तिथेच. असे पक्षी चौपाटीवर भेळ खात उभं राहून दिसत नाहीत. त्यासाठी एकच उपाय: होडीत बसायचं आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचं. पक्षीवाल्या मंडळींच्या भाषेत याला 'पेलॅजिक ट्रिप' म्हणतात.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी मालवणहून मी अशी एक ट्रिप केली. परत आल्यावर रूम पार्टनरने बॅग खाली ठेवू द्यायच्या आतच विचारलं, "मेकॅनिकलचा माणूस तू, तुला तिथे काय मिळालं?" प्रश्न रास्त आहे. (पैसे त्याच्याकडूनच उसने घेतले होते, त्यामुळे जास्तच रास्त!) हा लेख म्हणजे त्याचं उत्तर. फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, इन्स्ट्रुमेंटेशन ही जी काही गाठोडी आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो, ती सगळी तिथे चालू स्थितीत बघायला मिळतात. आणि इतकी नाजूक यंत्रं बिघडायला किती थोडं पुरतं, तेही दिसतं.

आधी इतक्या लांब का जायचं ते पाहू. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागून समुद्राखाली एक उथळ फळी आहे, तिला खंडान्त उतार सुरू होण्याआधीचा 'कॉन्टिनेंटल शेल्फ' म्हणतात. मुंबईसमोर ही फळी तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, दक्षिणेकडे ती निमुळती होत जाते आणि केरळसमोर शंभर किलोमीटरपेक्षाही कमी राहते. फळी संपते तिथे तळ एकदम खोल जातो. प्रवाह अशा कडांना, बुडालेल्या उंचवट्यांना आपटले की खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर मासे आणि माशांवर पक्षी. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर असाच एक बुडालेला पठारी भाग आहे, अँग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं! आमची होडी तिथपर्यंत जाणार नव्हती. आमची मजल चाळीस किलोमीटर. आठ नॉट म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यालाच पावणेतीन तास लागतात. एस.टी.ची आठवण होते.

दुसरी अडचण ऋतूची. अरबी समुद्रात खाण्याची खरी रेलचेल असते पावसाळ्यात, म्हणून दक्षिण गोलार्धातले कितीतरी पक्षी मे ते ऑक्टोबर इकडे असतात. पण जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होड्या वाळूवर ओढलेल्या. म्हणजे पंगत बसते तेव्हाच दार बंद! त्या काळात हे पक्षी आपल्याला दिसतात ते वादळाने थकून किनाऱ्यावर फेकले गेलेले. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मास्क्ड बूबीसारखे पक्षी असे सापडतात. (कोणाला सापडलाच तर दया येऊन परत पाण्यात सोडू नका. तो दमून आलेला असतो. खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याला कळवा.) त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर हा मधला काळ साधायचा. दक्षिणेचे पाहुणे अजून गेलेले नसतात आणि उत्तरेचे यायला लागलेले असतात.

पहाटे साडेपाचला बंदरावरून निघालो. आम्ही आठ जण, दोन खलाशी आणि तांडेलकाका. होडी सहा सिलिंडरची, मासेमारीचीच. बंदर खात्याची परवानगी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट हे सगळं रीतसर. तांडेलकाकांना आमच्याबद्दल जरा कीवच वाटत होती. "पाखरां बघूक इतक्या लांब जातास?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पण पुढे कळलं की पाखरं आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतात. "जंय पाखरां, थंय मासो" हा त्यांचा साधा हिशोब. फिशफाइंडरचा पडदा शेजारी चालू असतानाही त्यांची नजर सुरयांच्या थव्यावर.

होडीवर पहिला पाहुणा येतो तो पक्षी नव्हे, मळमळ! हिच्यामागे चक्क व्हायब्रेशनचा धडा आहे. माणसाला सर्वात जास्त त्रास देणारी उभी आंदोलनं ०.२ हर्ट्झच्या आसपासची असतात, म्हणजे पाच सेकंदांना एक हेलकावा. आणि नेमक्या तेवढ्याच वेळाने होडी समुद्रावर खालीवर होते. कान मेंदूला सांगतात "हलतोय", डोळ्यांसमोरची फळी सांगते "स्थिर आहे", आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. उपाय सोपे आहेत. नाळेवर बसून टायटॅनिक करायचं नाही. होडी मध्याभोवती झुलते म्हणून टोकाला अॅम्प्लिट्यूड सर्वात जास्त. मध्यभागी, शक्य तितकं खाली बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाइल खिशात. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी म्हणजे पेपर संपल्यावर पुरवणी.

दुर्बीण ८×४२ बरी. १० पटीची घेतली तर पक्षी मोठा दिसतो, पण होडीचा हेलकावाही १० पटीने दिसतो. पक्षी दाखवायची पद्धत घड्याळाची: होडीचं नाक म्हणजे बारा वाजले. "दोन वाजता, पाण्यालगत!" असं कोणी ओरडलं की सगळ्यांनी उजवीकडे पुढे बघायचं. पहिल्या तासाला एकाने खरंच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तो कॉम्प्युटरचा होता, असो.

डोळा पाण्यापासून तीन मीटरवर असेल तर क्षितिज सहा किलोमीटरवर असतं, एवढी मोठी थाळी आणि त्यात मुठीएवढे पक्षी, तेही लाटांआड. पहिले दोन तास तुऱ्याचे सुरय सोडले तर काहीही नाही. मग कोणीतरी म्हणालं, "अकरा वाजता, काळा, पंख हलवत नाहीये."

तो होता फ्लेश-फूटेड शीअरवॉटर. मराठी नाव विचारू नका, आपल्या भाषेने या पक्ष्यांना अजून घरात घेतलेलं नाही. चॉकलेटी रंगाचा, लांब ताठ पंखांचा. लाटेवरून तिरका वर चढला, वळला, खाली आला, पंखाचं टोक पाण्याला जवळजवळ चिरत गेला, पुन्हा वर. मिनिटभरात पंख हलवले असतील दोनतीनदा. हे फुकटचं उड्डाण चालतं कसं? १८८३ साली लॉर्ड रॅले यांनी 'नेचर'मध्ये याचं सूत्र सांगितलं: पक्षी पंख न हलवता बराच वेळ उडत असेल, तर एक तर त्याचा मार्ग आडवा नाही, किंवा वारा आडवा नाही, किंवा वारा सगळीकडे सारखा नाही. शीअरवॉटर आणि अल्बट्रॉस तिसऱ्या शक्यतेवर जगतात.

आठवा, बाउंडरी लेयर! पाण्याच्या घर्षणामुळे पृष्ठभागालगत वारा मंद असतो आणि वर जाल तसा वाढतो. समजा खाली वारा सेकंदाला ३ मीटर आहे आणि दहा मीटरवर ८. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून वर चढतो. त्याचा जमिनीसापेक्ष वेग इनर्शियामुळे एकदम बदलत नाही, पण समोरून येणारा वारा ५ ने वाढला, म्हणजे हवेसापेक्ष वेगात ५ ची भर. आता तो वर वळतो, वाऱ्याची पाठ घेतो आणि खाली येतो. खाली मागून ढकलणारा वारा ५ ने कमी, म्हणजे हवेसापेक्ष वेगात परत ५ ची भर! चढण्यात गेलेली पोटेन्शियल एनर्जी उतरताना परत मिळते, ड्रॅगचा खर्च या दोन भरींतून भागतो. याला डायनॅमिक सोअरिंग म्हणतात. हीच युक्ती वापरून डोंगराच्या पाठीमागे उडवलेली बिनइंजिनची रिमोट ग्लायडर्स ताशी ८०० किलोमीटरच्या वर गेली आहेत. बोर्डावर हे व्हेलॉसिटी ट्रँगल काढून दाखवलं असतं तर मला ते मागच्याच सेमिस्टरला कळलं असतं, असं माझं नम्र मत आहे.

आता पिण्याच्या पाण्याचं काय? समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ. ते प्यायलं तर ते बाहेर टाकायला त्याहून जास्त पाणी आपल्या शरीराला खर्चावं लागतं. या पक्ष्यांच्या डोळ्यांवर एक ग्रंथी असते. क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५८ च्या सुमारास तिचं काम उलगडलं. त्यांनी एका कुरवाला त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं समुद्राचं पाणी पाजलं, आणि तीन तासांत जवळजवळ सगळं मीठ बाहेर! ग्रंथीतून पडणाऱ्या थेंबांत साधारण पाच टक्के मीठ होतं. ग्रंथीतल्या सूक्ष्म नळ्यांत द्राव एका दिशेने वाहतो आणि शेजारच्या केशवाहिन्यांत रक्त उलट्या दिशेने. काउंटरफ्लो, आपल्या हीट एक्स्चेंजरसारखाच, फक्त उष्णतेऐवजी मिठासाठी. शीअरवॉटरच्या चोचीवर नाकाची नळी असते, तिच्यातून हे खारं पाणी टपकतं. लाखो रुपयांचा आर.ओ. प्लँट चोचीवर बसवलेला!

त्याच नळीकुळातला पुढचा पक्षी दिसला तो चिमणीहून थोडाच मोठा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. काळा, कमरेवर पांढरा पट्टा, वजन चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर याची घरटी. तिथून तो मालवणसमोर आलेला. लांब पाय खाली सोडून पाण्यावर तुरुतुरु चालल्यासारखा उडतो. हा पक्षी एवढ्या सपाट निळ्या मैदानात अन्न शोधतो कसं? वासाने. सूक्ष्म वनस्पती-प्लवक खाल्ले जाताना डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्राला जो 'समुद्राचा वास' येतो त्यात त्याचा वाटा मोठा. १९९५ साली गॅब्रिएल नेव्हिट आणि सहकाऱ्यांनी पाण्यावर नुसतं तेल आणि हा वायू मिसळलेलं तेल असे वेगवेगळे तवंग सोडून पाहिले, तर पेट्रेल दुसऱ्याकडे जास्त आले. म्हणजे वास आला की समजायचं, इथे कोणीतरी जेवतंय. आम्हीही टाकाऊ मासळी आणि माशाचं तेल मागे सोडलं. वीस मिनिटं काही नाही, आणि मग वाऱ्याच्या खालच्या बाजूने एक, तीन, सात... वास घेत, नागमोडी येत. ते दृश्य मी विसरणार नाही. होडीवरचा वास विसरलो तर बरं.

पण या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ आम्ही थांबलो ते एका पट्ट्यापाशी. दोन पाणी भेटतात तिथे पृष्ठभागावर फेसाची एक रेघ तयार होते. तरंगणारं सगळं तिथे गोळा होतं आणि पाणी तेवढं खाली जातं. फिशफाइंडर पन्नास मीटर दाखवत होता. त्या रेघेवर बसले होते रेड-नेक्ड फॅलरोप, मोजले तेव्हा १६०. चिखलात फिरणाऱ्या तुतवारांचे हे भाऊबंद, पण हिवाळा भर समुद्रात काढतात. आर्क्टिकमध्ये वीण, नंतर अरबी समुद्र. (यांच्यात मादी जास्त रंगीत आणि अंडी उबवणारा नर. आमच्यातल्या एकीने हे दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.)

फॅलरोप पाण्यावर गोल गोल फिरतो, सेकंदाला साधारण एक फेरा. वेड लागलंय असं वाटतं. पण चहात चमचा फिरवल्यावर काय होतं ते आठवा. फिरण्यामुळे वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालून पाणी वर येतं. १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार अर्ध्या मीटर खोलीवरचे बारीक जीव अशाने वर उचलले जातात. स्वतःच्या पायांनी चालवलेला पंप! मग टोकदार चोचीत तो थेंबासकट जीव उचलतो. आता गंमत पहा: चोचीच्या टोकाशी असलेला थेंब तोंडापर्यंत वर न्यायचा कसा? ओढून घ्यावा तर चोच उघडी, डोकं वर करावं तर दुसरा घास जातो. मनू प्रकाश, डेव्हिड केरे आणि जॉन बुश यांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये याचं उत्तर दिलं. पक्षी चोच चिमट्यासारखी भराभर उघडझाप करतो. मिटताना थेंबाची तोंडाकडची कड पुढे सरकते, उघडताना टोकाकडची कड सुटून मागोमाग येते. दर उघडझापेला थेंब एक दाता पुढे, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. कॅपिलरी रॅचेट! आणि हे प्रकाश आय.आय.टी. कानपूरचे, म्हणजे आपल्यासारखेच कधीतरी व्हायव्हाला घाबरलेले असणार.

हे रॅचेट एका गोष्टीवर उभं आहे: पाणी चोचीला किती चिकटतं, म्हणजे कॉन्टॅक्ट अँगल. चोचीवर तेलाचा किंवा साबणाचा थर बसला की अँगल बदलतो आणि थेंब पुढे सरकत नाही. पक्ष्याला विष लागत नाही, पिसं भिजावी लागत नाहीत. तो नुसता उपाशी राहतो. समोर अन्न, चोच धड, आणि घास वर येत नाही.

हे आमच्यातले एक काका समजावून सांगत होते तेवढ्यात खलाश्याने सवयीने होडीच्या तळातलं साचलेलं पाणी पंपाने बाहेर काढलं. त्याच्यामागे इंद्रधनुष्यी तवंग पसरत गेला. डिझेल. थोडंच, बादलीभर पाण्यात चमचाभर असेल. कोणी काही बोललं नाही. त्याला दोष द्यावा असंही नव्हतं. प्रत्येक होडीच्या तळात हेच पाणी असतं आणि ते काढलं नाही तर होडी बुडते. पण चमचाभर तेल पाण्यावर किती पातळ आणि किती लांब पसरतं ते आम्ही बघत राहिलो. पावसाळ्याच्या आगेमागे कोकण-गोव्याच्या वाळूवर डांबराचे गोळे येतात, ते याहून मोठ्या जहाजांचे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली तेव्हाचं तेल वर्तमानपत्रात आलं. आमचा चमचा कुठेच येणार नाही.

त्या फेसाच्या रेघेत फॅलरोपांबरोबर आणखी काय होतं? पाण्याच्या बाटल्यांची बुचं, शाम्पूच्या पुड्या, नायलॉनची दोरी, थर्मोकोल. थर्मोकोलच्या एका तुकड्यावर ब्रायडल्ड सुरय बसला होता. हा वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण करणारा आपला अस्सल कोकणी. हुमायून अब्दुलाली यांनी १९४२ मध्ये तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं होतं. तरंगत्या ओंडक्यावर बसायची याची जुनी सवय, आता थर्मोकोलवर बसतो. फोटो सुंदर येतो हे मान्य करायला हवं. रेघ गोळा करताना निवड करत नाही, प्लवकही तिथेच आणि प्लास्टिकही तिथेच.

आणि पेट्रेलचं नाक? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सव्होका यांच्या अभ्यासात आढळलं की आपल्या रोजच्या वापरातली प्लास्टिकं समुद्रात महिनाभराच्या आत डायमिथाइल सल्फाइड सोडायला लागतात, कारण त्यांच्यावर शेवाळी थर चढतो. म्हणजे सेन्सर बरोबर चालतोय, सिग्नल खरा आहे आणि ताटात मात्र पिशवी. फ्लेश-फूटेड शीअरवॉटरच्या जठरात प्लास्टिकमुळे व्रण आणि तंतू तयार होतात. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरच्या पक्ष्यांत हे पाहून २०२३ मध्ये संशोधकांनी त्या आजाराला 'प्लॅस्टिकोसिस' असं नाव दिलं. ते पक्षी पॅसिफिकचे, आपल्याकडे येतात ते दुसरीकडचे. पण जात तीच आणि प्लास्टिकही तेच. २५ मे २०२५ ला केरळसमोर 'एमएससी एल्सा ३' बुडालं, तेव्हा त्यातले प्लास्टिकचे बारीक मणी पोत्यापोत्यांनी किनाऱ्याला लागले. जे किनाऱ्याला लागले ते तरी वेचता आले.

रूम पार्टनरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुम्ही आठ जणांनी पक्षी मोजून काय होणार?" होतं ते असं. वाघ कुठे किती, हे आपल्याला बरंच माहीत आहे. मालवणसमोर सप्टेंबरात किती फॅलरोप असतात, हे माहीत व्हायचं असेल तर कोणीतरी जाऊन मोजायलाच हवं, आणि दरवर्षी मोजायला हवं. अंतर, वेळ, वारा आणि आकडा लिहिला की ते ई-बर्डवर चढवता येतं. "भरपूर दिसले" हे रीडिंग नव्हे. तुमच्या लॅबच्या जर्नलसारखं आदल्या रात्री कोणाचं तरी बघून उतरवूनही चालत नाही! आमची नोंद अशी: फॅलरोप १६०, ब्रायडल्ड सुरय ३८, विल्सन्स पेट्रेल ११, फ्लेश-फूटेड शीअरवॉटर ३, आणि परतताना सुरयाच्या मागे लागून त्याच्या तोंडचा मासा लुटणारा पोमराइन स्कुआ १. डिझेलचा तवंगही शेऱ्यात लिहिला आहे.

जायचं असेल तर आठदहा जण जमवा, खर्च वाटला जातो. मालवण, गोवा, कर्नाटक, केरळ सगळीकडून अशा ट्रिपा निघतात. अनुभवी पक्षीवाला एक तरी बरोबर हवाच. सुकं खाणं, टोपी, पाणी भरपूर, दुर्बिणीला प्लास्टिकची पिशवी (आणि ती पिशवी परत आणायची). तळातलं पाणी डब्यात काढून बंदरावर आणता येईल का, हे तांडेलांना निघायच्या आधी विचारा. आम्ही परतताना विचारलं. तांडेलकाका थोडा वेळ इंजिनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, डबो तुमी दिलास तर भरूक हरकत नाय.